लघवीच्या भीतीनं पाणी तोडू नका

एप्रिल उजाडला की धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात उन्हाळी लागलेले पेशंट वाढतात. लघवीला आग, ओटीपोटात ठणका, थेंब थेंब होणं. त्यांतल्या साठी-सत्तरीच्या बायकांना मी हमखास विचारते, ‘दिवसभरात पाणी किती पिता?’ उत्तर बहुतेकींचं सारखंच असतं. जेवताना घोटभर, गोळीबरोबर घोटभर. तहान लागत नाही असं नाही. पाणी प्यायलं की लघवी लागते, लागली की दम धरत नाही, आणि मोरीपर्यंत पोचेस्तोवर लुगडं ओलं होतं. म्हणून त्यांनी पाणीच तोडलेलं असतं.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तरीही लातूरला लेकीकडे किंवा पंढरपूरला जायचं म्हटलं की कितीतरी आज्या ‘गुडघे दुखतात’ म्हणून घरी राहतात. गुडघे दुखत असतीलही, पण खरी धास्ती असते ती गाडी दोन तास कुठं थांबली नाही तर काय, याची. ही धास्ती त्या सुनेलाही सांगत नाहीत.

तर आधी पाण्याचं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट आणि उग्र होते. अशी लघवी पिशवीच्या आतल्या अस्तराला टोचते आणि घाई उलट वाढते. जंतू धुऊन जात नाहीत. मुतखड्याचा धोका वाढतो. शौचाला खडा धरतो, आणि भरलेलं आतडं शेजारच्या लघवीच्या पिशवीला दाबतं. म्हणजे ज्या त्रासासाठी पाणी तोडलं तोच त्रास दुप्पट होऊन परत येतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर म्हाताऱ्या माणसाला दिवसात साधारण दीड ते दोन लिटर पाणी हवं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. हा सगळा साठा सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत विभागून घ्या आणि रात्री फक्त तहानेपुरतं प्या. संध्याकाळचा चहा सोडता आला तर फार बरं, कारण चहाने लघवीची घाई वाढते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी यांना माझी हरकत नाही. पण त्यांनी जंतुसंसर्ग बरा होत नाही, आणि किडनी अधू असलेल्यांनी नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम बरंच असतं.

दुसरं, ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य मनातून काढून टाका. वयाने लघवीची पिशवी थोडी हट्टी होते हे खरं, पण कपडे ओले होणं हा आजार आहे. त्याला कारण असतं आणि बहुतेकांना उपचाराने फरक पडतो. कोणाची लघवी खोकताना, शिंकताना, घागर उचलताना निसटते. तिथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात, वर्षानुवर्षं वापरलेल्या बाजेची नवार झोळ धरते तसे. कोणाला अचानक कळ येते आणि धावावं लागतं. तिथे पिशवी भरण्याआधीच आकसत असते. आणि काहींची पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही, ती काठोकाठ भरून वरचं सांडत राहतं. तिन्हींना औषध वेगळं आहे. म्हणून मेडिकलवर जाऊन ‘लघवी थांबायची गोळी’ मागू नका. घाई कमी करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिनने, म्हाताऱ्या माणसाला विसराळूपणा, बद्धकोष्ठ आणि भ्रम येऊ शकतो, आणि तुंबलेल्या पिशवीवर ती घेतली तर लघवी पूर्णच अडते.

पहिल्या दोन प्रकारांत औषधाच्या आधी व्यायाम येतो. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला आणि आजही जगभर उपचाराची सुरुवात त्यानेच होते. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जो भाग आवळतो, तोच आवळायचा. पोट, मांड्या, कुल्हे सैल ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. पाचपर्यंत मोजत आवळून धरा, पाचपर्यंत मोजत सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला उताणं पडून करा, जमू लागलं की बसून, मग उभ्याने, भाकरी थापताना, पारावर गप्पा मारताना. कोणाला कळतही नाही. लघवी करता करता मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नका, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. गुण यायला तीन महिने लागतात. बहुतेक जणी तीन आठवड्यांत कंटाळतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण इतका बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही. खोकला येणार असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. अचानक कळ आली तर धावू नका. जागच्या जागी बसा, चार-पाच वेळा आवळा, कळ ओसरू द्या आणि मग सावकाश चालत जा. ज्यांना दर तासाला जावं लागतं त्यांनी आठवड्याला पंधरा मिनिटांनी अंतर वाढवत न्यावं.

आता ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ती. अंग बाहेर येणं. चार-पाच बाळंतपणं, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत पुन्हा डोक्यावर पाणी, वर्षानुवर्षं कुंथून शौच, जुनाट खोकला. एवढ्या भाराने गर्भपिशवी, लघवीची पिशवी किंवा गुदाशय योनीतून खाली उतरतो. बसताना काहीतरी मध्ये येतं, संध्याकाळी कंबर भरून येते, लघवी अर्धवट राहते. काही आज्या ते अंग रोज हाताने आत सारतात आणि वर्षानुवर्षं कोणाला कळू देत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. या अभ्यासाला साडेतीन दशकं झाली, पण सत्तरीतली बाई तपासणीच्या टेबलावर चढायला आजही तितकीच लाजते. अंग बाहेर आलं म्हणजे ऑपरेशनच असं नाही. सिलिकॉनची रिंग बसवून कित्येक जणींचा त्रास थांबतो. ती ठराविक काळाने काढून, धुऊन, तपासून परत बसवावी लागते. योनीचा कोरडेपणा आणि वारंवार उन्हाळी लागणं यासाठी इस्ट्रोजेनचं मलम असतं. ते जागेवरच काम करतं, पण स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तरुणपणी पिशवी काढलेल्या या बायका आता पन्नाशी-साठीकडे येत आहेत. त्यांनी ‘पिशवीच नाही, मग आता काय व्हायचंय’ असं समजू नये. पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो, लघवी निसटू शकते. बीजकोषही काढले असतील तर कोरडेपणा आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. आणि हे मला ठामपणे सांगायचं आहे की पांढरं जातं किंवा कंबर दुखते एवढ्यावरून गर्भपिशवी काढू देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

पुरुषांचा प्रश्न बहुतेकदा प्रोस्टेटचा. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावर धोतरात थेंब पडतात, रात्रीतून चार-पाचदा उठावं लागतं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांत धार सुधारते, पण तिने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून पहिले काही दिवस खाटेवरून उठताना आधी मिनिटभर बसा. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइडला गुण यायला सहा महिने लागतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्यांची लघवी एका रात्रीत तुंबते. ओटीपोट फुगलंय, दुखतंय आणि लघवी होत नाही, अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात नळी घालून पाच मिनिटांत आराम पडतो. ऑपरेशन दुर्बिणीने, लघवीच्या वाटेने होतं. ते टाळत टाळत किडनीवर दाब येईपर्यंत थांबणारे आबा मी पाहिले आहेत.

लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलंही नाही, आणि आपोआप थांबलं, तरी तपासा. तंबाखू, बिडी ओढणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात, कारण लघवीच्या पिशवीचा कर्करोग असाच चोरपावलांनी येतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, तर तेही तसंच. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत पोचला. आणि कालपर्यंत नीट बोलणारी आजी अचानक बरळू लागली, माणसं ओळखेना, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. त्यामागे लघवीचा संसर्ग, साखर किंवा क्षार कमी होणं असं काहीही असू शकतं. उलट, लघवीला नुसता वास आहे किंवा ती गढूळ आहे, बाकी त्रास नाही, तर अँटिबायोटिक लागत नाही. लागलं, तर आधी लघवीचं कल्चर द्या आणि मग कोर्स पूर्ण करा.

गोळ्यांच्या वेळाही पाहा. पायाची सूज किंवा बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर ती सकाळी घ्यायची असते. ज्यांचे पाय दिवसभर सुजतात त्यांनी दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं, म्हणजे ते पाणी रात्री लघवीवाटे उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या साखरेच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यावर खाज सुटली, लाली आली तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. गुडघ्यांसाठी रोज खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनी खराब करतात.

घरच्यांसाठी एक काम. रात्रीची धावपळ म्हणजे पडणं, आणि पडणं म्हणजे खुब्याचं हाड. संडास अंगणाच्या टोकाला आणि भारतीय पद्धतीचा असेल, गुडघे वाकत नसतील, तर खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा आणि वाटेत दिवा लावा. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. त्या साधनांत कमोड खुर्चीही आहे.

दवाखान्यात येण्याआधी तीन दिवस एका वहीत टिपून ठेवा: किती वाजता किती पाणी घेतलं, किती वाजता किती लघवी झाली, कधी निसटली. मापासाठी प्लास्टिकचा मग चालतो, आणि लिहिता येत नसेल तर नातवंडं लिहितील. आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा, आयुर्वेदिक आणि मेडिकलवरून घेतलेल्याही. सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते. लघवी केल्यावर आत किती उरते हे पुन्हा मोजून घ्यायला सांगा. स्त्री डॉक्टर हवी असेल तर खिडकीवर केसपेपर काढतानाच तसं सांगा.