क्रो लोकांनी मागून घेतलेली शाळा



अमेरिकेच्या मोंटाना राज्यात क्रो नावाचे आदिवासी लोक राहतात. स्वतःला ते 'अप्सालुके', म्हणजे मोठ्या चोचीच्या पक्ष्याची लेकरे म्हणवतात. १८६८ च्या तहाने त्यांच्या वाट्याला राखीव भूमी उरली. १८८३ साली सरकारने आदिवासींचे सूर्यनृत्य हा गुन्हा ठरविला.

१८८७ साली येशूसंघाच्या पाद्र्यांनी तेथे सेंट झेवियर मिशन स्थापले. पाद्री प्रांदो स्वतः क्रो भाषा शिकले. पण त्या काळी निवासी शाळांची रीतच अशी होती, की मूल आईबापांपासून तोडायचे, त्याचे केस कापायचे, मायबोलीला बंदी घालायची. हा मतपालट नव्हे. ही सक्ती होय.

लॉज ग्रास भागातील क्रो पालकांनी यावर स्वतः विचार केला. शिक्षण हवे, पण लेकरू दूर नको. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बाप्टिस्ट पाद्री पेट्झोल्ड यांच्याकडे आपल्याच वस्तीजवळ दिवसाची शाळा मागितली. ती मिळाली. मूल संध्याकाळी घरी येऊ लागले. पुढे अनेकजण ख्रिस्ती झाले.

१९३४ साली सरकारने धार्मिक बंदी उठविली. १९४१ साली विल्यम बिग डे यांनी प्रायर येथे सूर्यनृत्य पुन्हा सुरू केले. म्हणजे बंदीने श्रद्धा मेली नव्हती.

धडा एवढाच : धर्म लादता येतो, पण पटवून घेतल्याशिवाय तो आपला होत नाही.

घरी चर्चा करा : पालकांनी शाळा नाकारली नाही, मग नाकारले काय?