तारण : कमाई नव्हे, कृपा



"एवढे नोव्हेना केले, एवढे दान दिले, आता तरी देव मला स्वीकारील ना?" असे काहींना वाटते. दुसरीकडे, एखाद्या जुन्या पापाच्या लाजेने काही जण वर्षानुवर्षे पापनिवेदनाला येतच नाहीत. दोघांचा समज एकच : आधी आपण लायक व्हायचे, मग देव जवळ करणार. नवा करार मात्र याच्या उलट आहे.

निर्गम ग्रंथाच्या २४व्या अध्यायात सिनाय पर्वतापाशी झालेला करार वाचायला मिळतो. मोशेने देवाचे नियम वाचून दाखवले, 'आम्ही हे सारे पाळू' असे लोकांनी वचन दिले आणि त्यांच्यावर बलीचे रक्त शिंपडले गेले. पण ३२व्या अध्यायात तेच लोक सोन्याच्या वासराची पूजा करतात! नियम चांगला होता, माणसाचे मन दुबळे होते. म्हणून यिर्मयाने (३१:३१-३४) नव्या कराराची घोषणा केली. आता नियम अंतःकरणावर लिहिला जाणार होता आणि देव पापांची आठवणही ठेवणार नव्हता.

हा करार प्रभू येशूने अंतिम भोजनात केला. लूककृत शुभवर्तमानाचा २२वा अध्याय क्रमाने वाचा. प्रभू आपल्या रक्तातील नव्या कराराचा प्याला देतो. लगेच पुढे 'आपल्यात मोठा कोण' यावरून शिष्यांचा वाद होतो. नंतर प्रभू पेत्राला सांगतो की, तू मला तीनदा नाकारशील. शिष्य कसे आहेत हे ठाऊक असूनही त्याने प्याला आधी दिला. 'आम्ही पाळू' असे वचन त्यांच्याकडून आधी मागितले नाही. हीच कृपा!

तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देतो, तेव्हा त्याने कोणते पुण्य केलेले असते? ट्रेंट धर्मपरिषदेनेही १५४७ साली शिकवले की, देव आपल्याला नीतिमान ठरवतो ती कृपा आपल्या आधीच्या कोणत्याही कृत्याने कमावता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व जागतिक लुथरन संघ यांनी याच विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

मग सत्कृत्ये कशासाठी? संत पौल म्हणतो की, आपले तारण कृपेने झाले, कृत्यांनी नव्हे. मात्र सत्कृत्ये करण्यासाठीच आपण घडवले गेलो आहोत (इफिसकरांस २:८-१०). सुकलेल्या झाडाला फळे बांधली म्हणून ते जिवंत होत नाही. जिवंत झाडाला फळे आपोआप येतात. मात्र कृपा जबरदस्ती करीत नाही. ती स्वीकारावी लागते, तिला साथ द्यावी लागते. पेत्र पडला, पण रडला आणि परत आला.

म्हणून नोव्हेना, दान, उपवास चालू ठेवू या. किंमत म्हणून नव्हे, तर आभार म्हणून. आणि जो लाजेने दूर राहिला आहे, त्याने लायक होण्याची वाट पाहू नये. प्याला आधीच भरलेला आहे.

कुटुंबात चिंतनासाठी :
१. माझी कोणती भक्ती देवाशी केलेला सौदा बनली आहे?
२. पापनिवेदनाला जाण्यापासून मला काय अडवते?