तांदूळ निवडणारा यंत्राचा डोळा

बाटल्या भरण्याच्या कारखान्यांत भरलेली प्रत्येक बाटली कॅमेऱ्यासमोरून जाते. पातळी कमी, झांकण तिरपें किंवा कांचेस तडा दिसला कीं ती आपोआप बाजूस काढली जाते. शेतकऱ्यांचा या युक्तीशीं निकट संबंध येतो तो मात्र भाताच्या गिरणींत. बाजारांत ज्यास 'सॉर्टेक्स' तांदूळ म्हणतात तो अशाच यंत्रांतून निघतो. हें नांव मूळचें एका इंग्रज कंपनीचें. प्रकाशाच्या साह्यानें दाणे निवडण्याचा प्रयोग १९३१ च्या सुमारास अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत घेवड्यावर झाला. आतां तांदुळाप्रमाणेंच पोहेही असे निवडतां येतात, म्हणून पेण-रोह्याकडील भातकऱ्यांनीं ही रचना समजून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

तांदूळ उतरत्या पन्हाळींतून पातळ पडद्याप्रमाणें खालीं पडतो. दोन्ही बाजूंस प्रखर दिवे व कॅमेरे असतात. प्रत्येक दाण्याचा रंग व उजळपणा आधीं ठरविलेल्या मर्यादेशीं ताडून पाहिला जातो. मर्यादेबाहेरचा दाणा दिसतांच समोरची बारीक झडप क्षणार्धांत उघडते आणि दाबलेल्या हवेच्या फुंकीनें तो दुसऱ्या खणांत पडतो. घरांत सुपांत होतें तेंच हें काम, वेग मात्र अचाट. परंतु फुंक एकट्या दाण्यास लागत नाहीं. शेजारचे चांगले दाणेही तिच्याबरोबर जातात. यासाठीं बाजूस पडलेला माल बहुधा पुन्हां एकदां यंत्रांतून काढतात.

मर्यादा मात्र यंत्र ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो. खारजमिनींत होणारे भुरा राता, काळा राता हे वाण लाल तांदुळाचे. कांडल्यावरही दाण्यावर लाल रेघ राहते. खाण्यास तो उणा नाहीं, पण पांढऱ्या तांदुळासाठीं लाविलेल्या यंत्रास तो दोषच दिसतो. म्हणून लाल व पांढरें भात बियाण्यापासून खळ्यापर्यंत व खळ्यापासून पोत्यापर्यंत वेगळें ठेवावें. काळपट दाण्यांचें कारणही पुष्कळदां शेतांतच असतें: कापून पसरलेलें भात परतीच्या पावसांत भिजलें किंवा ओलें असतांच उडवींत रचलें, तर आंत ऊब धरून दाणा डागाळतो. उलट ओलावा या डोळ्यास दिसत नाहीं. भात १४ टक्क्यांच्या आसपास वाळलें आहे कीं नाहीं, हें निराळेंच पाहावें लागतें.

निवडींतील घटीबद्दल पैसे कापले जात असतील तर बाजूस पडलेला माल पाहण्यास मागावा. त्यांतील मूठभर काळ्या कापडावर पसरून मोजावा. निम्मे दाणे निर्दोष निघाले तर मर्यादा फार कडक लाविली असण्याचा, किंवा कोंड्याची धूळ कांचेवर बसून कॅमेरा फसत असण्याचा संभव असतो; फुंकीबरोबर गेलेले शेजारचे दाणेही त्यांत असूं शकतात. ती घट शेतकऱ्याच्या हिशेबांत धरणें रास्त नव्हे. कांच पुसून व मर्यादा सैल करून तोच माल पुन्हां चालविण्यास सांगावें आणि मग वजन करावें.