गांवाची नाडी पाहणारी विद्या

वैद्य रोग्याची नाडी पाहतो हें आपण सर्व जाणतों. परंतु सबंध गांवाची नाडी पाहणारेंही एक शास्त्र आहे. त्यास साथरोगशास्त्र म्हणतात. तें केवळ पटकी किंवा प्लेग यांपुरतें नाहीं. कोणता रोग कोणास, कोठें, केव्हां व कां होतो, याचा तें शोध घेतें.

या शास्त्राचा पाया तुमच्या अंकगणितांतच आहे. समजा, हजार वस्तीच्या खेड्यांत दहा माणसें आजारी पडलीं व दहा हजार वस्तीच्या शहरांत वीस पडलीं. रोग कोठें अधिक? उतावळा मनुष्य ‘शहरांत’ म्हणेल. पण खेड्यांत हजारीं दहा व शहरांत हजारीं दोनच रोगी आहेत. अंशाबरोबर छेदही पाहावा, हा पहिला धडा. छेद जनगणनेंतून मिळतो. अंशासाठीं मात्र प्रत्येक रोग्याची नोंद ठेवावी लागते. म्हणूनच मुंबईंत १९६३ सालीं व सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली.

नवी मुंबईंत खारघर येथें टाटा स्मारक केंद्राचें कर्करोगाच्या साथरोगशास्त्राचें केंद्र आहे. या विषयांत डॉक्टरेट मिळविणारास प्रथम वैद्यक, जीवशास्त्र, संख्याशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य अशा विषयांचें उच्च शिक्षण घ्यावें लागतें. नंतर मार्गदर्शकाच्या हाताखालीं एकच प्रश्न निवडून, माहिती जमवून व पारखून प्रबंध लिहावयाचा असतो. टाटा स्मारक केंद्रांतील अशा अभ्यासास होमी भाभा राष्ट्रीय संस्था पदवी देते.

या विद्येस धीर किती लागतो, याचें एक उदाहरण पाहूं. १९९८ सालीं टाटा स्मारक रुग्णालयानें मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. एका गटाची दर दोन वर्षांनीं तपासणी व्हावयाची. दुसऱ्या गटास रोगाची माहिती तेवढी द्यावयाची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं वापरलेलें साधन म्हणजे शिरक्यांत असतें तें आम्ल, आणि तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकून खास शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका! बारा वर्षांनंतर दिसून आलें कीं, तपासलेल्या गटांत त्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी होते.

मात्र दुसऱ्या गटास तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. तुलनेवांचून उपायाचा खरेपणा कळत नाहीं, हें जितकें खरें, तितकेंच त्या गटांतील प्रत्येक आंकडा ही कोणाची तरी आई होती, हेंही खरें. ज्यास ही विद्या शिकावयाची आहे, त्यानें हे दोन्ही विचार मनांत वागविले पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

पालकांसही आमची एक विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी या वाटेनें जाऊं म्हणेल, तेव्हां ‘इतकीं वर्षें शिकून रोगी किती बरे केलेस?’ असें विचारूं नये. ज्या स्त्रीस रोग झालाच नाहीं, ती आभार मानावयास कोणाच्या दारीं येत नाहीं. तरीही तिच्यासाठीं कोणीतरी घरोघर जाऊन खरी नोंद केलेली असते. मुलांनो, त्या खरेपणाचा अभ्यास आजच्या गणिताच्या वहीपासूनच करावयास लागा.