सीडीतले गाणे फक्त 1 केबीचे कसे?

प्रश्न : गाडीत ऐकण्यासाठी दोन सीडी पेन ड्राइव्हवर घेतल्या. अहिराणी गाण्यांच्या सीडीतली सव्वाशे गाणी नीट वाजतात. वडिलांच्या भावगीतांच्या सीडीतली बाराही कॉपी झाली, पण प्रत्येक फाइल 1 केबीची आणि वाजत एकही नाही. सीडी खराब झाली का?
– एक वाचक, उधना (सुरत)

उत्तर : सीडी खराब झालेली नाही. दिसायला सारख्या असल्या, तरी तुमच्या दोन सीडी दोन वेगळ्या जातींच्या आहेत. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली घरे पुष्कळ. तिथल्या अनेक कपाटांत अशीच सरमिसळ असणार, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भावगीतांची आहे ती ऑडिओ सीडी. 1982 साली ती बाजारात आली तेव्हा संगणकाचा विचार तिच्यात नव्हता, त्यामुळे तिच्यावर फाइली नसतातच. आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने एका सलग सर्पिल रेघेत कोरलेले असतात. विंडोजला मात्र काहीतरी फाइल दाखवावी लागते, म्हणून ते प्रत्येक गाण्यासाठी ‘सीडीए’ नावाची चिमुकली नोंद दाखवते. गाणे कुठे सुरू होते आणि किती लांब आहे, एवढेच तिच्यात असते. तुम्ही घराचा पत्ता उतरवून आणलात, घर तिथेच राहिले.

ऑडिओ सीडीवर एका मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा लागते, म्हणून जेमतेम 80 मिनिटे मावतात. अहिराणी गाणी एमपी3 फाइली आहेत. कानाला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून एमपी3 तेच मिनिट साधारण 1 एमबीत बसवते. गाण्याची लांबी कमी होत नाही, हे लक्षात घ्या. कमी होतो तो तपशील. आणि एकदा गाळलेले परत येत नाही. एमपी3वरून पुन्हा ऑडिओ सीडी केली की आवाज सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. अशा फाइली उलगडण्याची सोय जुन्या प्लेअरमध्ये नसते, म्हणून तुमची अहिराणी सीडी त्यात वाजणार नाही.

भावगीतांसाठी विंडोज मीडिया प्लेअरमधला ‘रिप’ पर्याय वापरा. मूळ आवाज जसाच्या तसा जपायचा असेल तर ‘फ्लॅक’ निवडा. गाडीचा प्लेअर ते वाजवत नसेल, तर पेन ड्राइव्हसाठी एमपी3 प्रत वेगळी करा.

चकाकती बाजू नाजूक, असे सगळे मानतात. खरे तर तिथे प्लास्टिकचा सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड थर असतो. लेसरचा प्रकाश परावर्तित करणारा धातूचा पातळ पापुद्रा छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक.

घरी किंवा दुकानात राइट करून घेतलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन-उष्णतेने तो थर बिघडतो. अशा सीडी सुरतेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, आणि त्यांतली गाणी सर्वांत आधी उतरवून घ्या.