घराची भिंत : निवडीचे अर्थशास्त्र

काशीतील संकठा घाटालगतचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविला. परंतु दगडी बांधकामाचा प्रचंड भार नदीकाठच्या मातीला पेलवला नाही व घाट खचला. नवे घर बांधणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की, भिंतीची निवड जमिनीपासून सुरू होते.

२३ सें.मी. जाडीच्या भाजलेल्या विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४४० किलो भरते. २० सें.मी. जाडीच्या वायुमिश्रित काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतीचे वजन याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. मात्र, आपल्याकडे हे ठोकळे मुख्यतः काँक्रीटच्या सांगाड्यात भरणीसाठी वापरतात. सांगाड्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. लहान घरासाठी लॉरी बेकर यांनी रूढ केलेली, विटा कडेवर उभ्या रचून आत पोकळी राखण्याची पद्धत उपयुक्त ठरते. तीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात व उष्णताही अडते. परंतु कुशल गवंडी लागतो.

भाजलेल्या विटेसाठी शेतातील सुपीक माती खर्ची पडते. ही हानी विटेच्या बाजारभावात उमटत नाही. अर्थशास्त्रात हिलाच ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. औष्णिक वीजकेंद्रातील राखेच्या विटा ही हानी टाळतात. सारांश, केवळ विटेचा दर न पाहता पाया, मजुरी, वीज व माती यांसह भिंतीचा संपूर्ण खर्च तोलावा.