खोबरेल किती, नाचणी किती?

कोकणात दाराशी माड असतो. नारळ वाटणात लागतो, सोलकढीत लागतो. वाळलेले खोबरे घाण्यावर नेले की खोबरेल मिळते. वाडवडिलांनी हेच खाल्ले आणि अंग मोडून कामही केले.

हल्ली कोणी सांगतो, "रोज वाटीभर खोबरेल प्या, सगळे रोग पळतील." मंडळी, असे करू नका. थंडीत खोबरेल थिजते, हे तुम्ही पाहिलेच आहे. त्याच्या १०० भागांत सुमारे ९० भाग चरबी थिजणाऱ्या जातीची असते. ती फार पोटात गेली, की रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ वाढतो. रक्तवाहिन्यांत त्याचा थर बसतो, वाट अरुंद होते आणि हृदयाला धोका पोचतो.

बैठे काम करणाऱ्या माणसाला सारी तेले मिळून दिवसाला चहाचे चार-पाच चमचे पुरेत. खोबरेल त्यातच धरा. हृदयविकाराचे औषध चालू असेल, तर खोबरेलाच्या भरवशावर ते सोडू नका.

नाचणीला मात्र कमी लेखू नका. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० असते. कॅल्शियमने हाडे बळकट होतात. नाचणी विकून पोरांना बिस्किटे आणणे, हा तोट्याचा सौदा आहे. भाकरी, आंबील, कुळथाची पिठी, माठाची भाजी हे घरचे धन सांभाळा.

प्रश्न :
१. तुमच्या घरी महिन्याला किती तेल लागते?
२. ते दर माणशी रोज किती पडले?